शिवलेली सोळा पानं

प्रिय दादा,

‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण तुला तीर्थरूप म्हटलं की मलाच हसू येतं. हे पत्र कुठल्या टपालात टाकायचं तेही ठाऊक नाही. तरी लिहितेय, कारण आज सकाळी मोखाड्याहून तुझी पेटी आली, आणि चार महिन्यांनी मी पोटभर जेवले.

पेटी घेऊन भिवा आला होता, तुमच्या शाळेचा शिपाई, जवळच्या पोशेऱ्याचा. पेटीपेक्षा मोलाचं काही तो घेऊन आला. पण ते सांगण्याआधी मला माझा गुन्हा सांगू दे.

आपली रीत आठवते ना? डिटेक्टिव्ह कादंबरी मुंबईहून जव्हारला माझ्याकडे यायची. आली की तुझा हुकूम, शेवटची सोळा पानं न वाचता सुईदोऱ्यानं शिवून टाकायची! मी शिवणीपर्यंत वाचायचं, ज्याचा संशय येईल त्याच्या नावाशेजारी समासात ‘हाच’ लिहायचं आणि पुस्तक मोखाड्याला धाडायचं. तू वाचणार, तुझा ‘हाच’ लिहिणार, मग शिवण उसवणार आणि वाचून झालं की पुस्तक मला परत धाडणार. शेवट मला सगळ्यांत उशिरा! इतका सोशिकपणा मी सासरीसुद्धा दाखवला नाही.

आणि आपली भांडणं! तुला वेषांतरं आवडायची. मी म्हणायचे, खोट्या मिशा लावल्या की सख्खी बायको नवऱ्याला ओळखत नाही? आमच्या ह्यांनी डोक्यावरून घोंगडी घेतली तरी नुसत्या खोकल्यावरून मी ओळखीन. भुयारांचाही मला वीट आलाय. लेखकाला पुढची वाट सुचली नाही की निघालंच देवघरामागून भुयार! आणि ज्याचं नाव शेवटच्या दहा पानांत पहिल्यांदा कळतं तोच खुनी, हा तर शुद्ध दगा. खुनी कसा हवा? पहिल्या पन्नास पानांत आपल्यासमोर बसून चहा पिणारा. तू म्हणायचास, “यमे, तू न्यायाधीश हो, वाचक होऊ नकोस. वाचकानं थोडं फसायला तयार असावं.” तेव्हा पटत नव्हतं. आता पटतंय.

गणपतीत तू आलास आणि ह्यांच्यासमोर, जाऊबाईंसमोर म्हणालास, “यमूनं आजवर एकदाही खुनी ओळखला नाही. ती ज्याला ‘हाच’ म्हणते त्याला खुशाल सोडून द्यावं!” सगळे हसले. मीही हसले, पण आतून जळफळाट झाला. असं चारचौघांत बोलायचं असतं का रे?

पुढचं पुस्तक आलं. मी पानं शिवली, शिवणीपर्यंत वाचलं आणि मग, दादा, मी शिवण उसवली. शेवट वाचून काढला. गावातला गरीब म्हातारा डॉक्टर, तो खुनी! पानं पुन्हा शिवली, आणि डॉक्टर पहिल्यांदा दारात येतो तिथेच समासात ठळक लिहिलं, ‘हाच’. बस म्हटलं आता, वाच सगळं पुस्तक खुनी ठाऊक असताना!

टपाल गेलं आणि दुसऱ्याच दिवशी पस्तावले. माफीचं पत्र लिहू लिहू म्हणत दिवस गेले, आणि मग सांगावाच आला. हिवतापानं तुला आठवड्यात नेलं. तुझं शेवटचं पुस्तक, आणि ते मी नासवलं! सांगणार कोणाला? भाऊ गेला आणि ही पुस्तकासाठी रडतेय, असं म्हणाले असते लोक.

म्हणून आज भिवाला पाणी दिलं आणि भीत भीत विचारलं, “ते शेवटचं पुस्तक वाचलं का हो मास्तरांनी?”

“वाचलं ना, बाय. रोज सांजचं शाळंच्या ओट्यावर आमाला वाचून दावायचं.”

“मग त्यातला डॉक्टर?”

भिवा दिलखुलास हसला. “डाक्तर आला नि मास्तर लय हसलं! म्हनलं, बहिणीनं याच्यावर बोट ठेवलंय, म्हंजी हा सुटला. मंग आमीबी त्याला सोडून दिला. समदी गोष्टीतल्या त्या मामावर डोळा ठेवून!”

“आणि शेवट?”

“मास्तर उठूनच उभं ऱ्हायलं. म्हनलं, अरे, पोरगी जिंकली!”

मी तिथेच ओटीवर बसकण मारली. हसत होते की रडत होते, मला कळेना. भिवा बिचारा घाबरून गेला. मी तुझा आनंद चोरला नव्हता, दादा! तू फसलास, मनापासून फसलास, आणि ओट्यावरची चार माणसंही तुझ्याबरोबर फसली. छातीवरचा धोंडा उतरला रे.

मग पेटी उघडली. पुस्तकात मामाच्या नावाशेजारी तुझा ‘हाच’ आहे. आणि शेवटच्या पानाखाली, ‘हरलो. शाबास, यमू!’

आता सांग, चपलेच्या चिखलावरून चोर धरीन म्हणणारा तू, तुला सुईची दुहेरी भोकं दिसली नाहीत? का बहिणीवर संशय घ्यायचाच नाही असं ठरवलं होतंस?

ती शाबासकी मला झेपत नाही. खोटी आहे ती, आणि नेमकी तीच तू माझ्यासाठी ठेवून गेलास.

जाताना भिवा म्हणाला, “आता फुडचं कोन वाचल, बाय?” नवं पुस्तक गेल्याच आठवड्यात आलंय, मी हातही लावला नव्हता. आज त्याची सोळा पानं शिवली. एकदाच. भिवा बाजाराला येईल तेव्हा आमच्या ओटीवर मी वाचून दाखवीन, माझा ‘हाच’ सगळ्यांदेखत लिहीन आणि शिवण भिवाकडून उसवून घेईन. अंदाज चुकला तर चुकला, पण चुकेल तो माझा स्वतःचा. हा शब्द देते तुला.

आणि तुझ्या ‘शाबास’खाली आज मी एक ओळ लिहून ठेवली आहे, ‘दादा हरला नाही. मी शेवट आधी वाचला होता.’

एकदाही खुनी न ओळखलेली,
तुझी यमू