काचेआडची अर्धी प्रार्थना

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार, आणि तो फोनवरच्या जोडलेल्या हातांच्या चित्रासारखा नाही, खरोखर वाकून केलेला (कमरेत उसण भरली, पण ते असो). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी अजून डॉक्टरला सांगतात का, की गुडघा तुझा असला तरी दुखतं त्यांना? इकडे आम्ही खुशाल. पत्र बघून तू दचकली असशील, कारण दोन वर्षांत आपलं बोलणं म्हणजे पाऊस पडला का आणि गॅस आला का, एवढंच. घाबरू नकोस. सहज लिहायला बसले.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीने मला शिबिरात घातलं. (मी तिला बालवाडीत घातलं होतं, त्याचा सूड.) तिचं म्हणणं, आई, तू दिवसभर माणसांच्या आत बघतेस आणि स्वतःच्या आत कधी डोकावत नाहीस. हल्ली कोरडी झालीस. शिबिर फक्त बायकांसाठी, नाव 'स्वतःची भेट'. शाळेचा हॉल, चाळीस सतरंज्या, चाळीस बायका, आणि त्यातल्या निम्म्या घरची इस्त्री बंद केली का या चिंतेत. मार्गदर्शक बाई इतक्या हळू बोलत की मी मनातल्या मनात त्यांचं नाव हळूबाई ठेवलं. हळूबाई म्हणाल्या, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा. आता तूच सांग, तेवीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे काय? रोज साठ माणसांना मी हेच सांगते. त्यामुळे हळूबाई जरा थांबल्या आणि माझ्या तोंडून सवयीने, खणखणीत आवाजात, 'हलू नका' निघालं. चाळीस बायका जागच्या जागी गोठल्या. एकीची मांडी घालायची अर्धी राहिली होती, ती तशीच तिरकी थांबली. हळूबाईंनीही श्वास रोखलेला, तेव्हा 'सोडा' म्हणणार कोण? शेवटी मीच म्हटलं.

जेवणानंतर जोड्या लावल्या. पाच मिनिटं मौनात एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं. माझ्यासमोर एक बँकेतली अधिकारी आली, नीटनेटकी, घड्याळ उजव्या हातात. मी डोळ्यांपर्यंत पोचलेच नाही, तिचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता. दोन मिनिटं कळ काढली आणि मग हळूच विचारलं की गळ्याजवळचं हाड कधी मोडलं होतं का. तिला रडूच कोसळलं. लहानपणी सायकलवरून पडली होती, वडिलांनी पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला होता, आणि ते वडील तीन महिन्यांपूर्वी गेले. मौन राहिलं बाजूला, आम्ही तासभर बोललो. हळूबाईंनी आम्हा दोघींना व्हरांड्यात नेऊन बसवलं (शाळाच ती). तरी प्रमाणपत्र मिळालं. माझ्या नावापुढे 'अंतर्मुख' असं छापलंय. लेकीने ते फ्रिजवर लावलंय, आणि जावई दूध काढताना रोज मोठ्याने वाचतो.

पण मला सांगायचंय ते पुढचं. शिबिर संपलं त्याच आठवड्यात एक म्हातारी शिवणकामवाली छातीचा फोटो काढायला आली. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक पदक, झिजून इतकं गुळगुळीत झालेलं की त्यावरचा देव स्वतः आला तरी त्याला आपला चेहरा ओळखू येऊ नये. मी म्हटलं, हे काढावं लागेल, फोटोत पांढरा डाग येतो आणि डॉक्टरांना ते दुखणं वाटतं. ती म्हणाली, "हे काढलं तर आत माझ्यासोबत कोण?" मग तिनेच थोडा विचार केला आणि पदक माझ्या तळहातावर ठेवलं. "तुम्ही धरा. आणि माझ्या वतीने दोन शब्द बोला. तुमचं ऐकेल तो, तुम्ही सरकारी आहात."

बाहेर अकरा जण रांगेत. मी काचेआड गेले, एका हातात बटण, दुसऱ्यात देव. आई गेल्यापासून मी त्याच्याशी अबोला धरलाय हे तुला माहीत आहे, तुझ्यासमोरच धरला. पण म्हातारी माझ्याकडे बघत होती. मला आईची संध्याकाळची प्रार्थना आठवली. 'दिवस तुझा होता, तुला परत दिला, थकल्याभागल्याला जवळ घे...' आणि पुढे कोरी पाटी. मी पदकाला म्हटलं, पुढचं आठवत नाही. माझा तुझ्यावर राग आहे, पण तो माझा आहे, हिचा नाही. हिच्याकडे बघ. मग म्हटलं, श्वास घ्या, रोखून धरा. बटण दाबलं आणि आईची पुढची ओळ शोधत राहिले, 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं. म्हातारी आज्ञाधारकपणे गाल फुगवून उभी, शेवटी हात हलवायला लागली तेव्हा कुठे शब्द फुटला.

आणि काचेआडून सूचना द्यायचा माईक सगळा वेळ चालू होता. खोलीत तर ऐकू गेलंच, बाहेर बाकांवरही गेलं. म्हातारीने पदक परत गळ्यात घातलं आणि मला म्हणाली, "पुढचं आठवत नसेल तर आधीचंच परत म्हणायचं, बाई. त्याला कुठे गाडी पकडायचीय?"

तिचा फोटो स्वच्छ आला. (त्याचा प्रार्थनेशी संबंध लावू नकोस. तिच्यानंतरच्या माणसाचा खराब आला, आणि त्याच्यासाठीही मी तेच म्हटलं होतं, कारण रांगेतल्या सगळ्यांनीच 'आमचं पण' म्हणून हट्ट धरला.) मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद काढलाय, की माईक फक्त सूचनांसाठी वापरावा. मी आता तो बंद करते. ओठ मात्र हलतात. श्रद्धा परत आली की काय, मला सांगता येणार नाही. अबोला सुटला, एवढं नक्की. भांडण अजून आहे, पण आता समोरासमोर आहे.

ताई, आई गेली त्या दिवशी वॉर्डाबाहेर मी तुला म्हणाले होते, की इतकी वर्षं हात जोडलेस, कुठे चहा प्यायला गेला तुझा देव? तू नुसती आईचा चष्मा पुसत राहिलीस. मला वाटलं, तुझ्याकडे उत्तर नाही. आता वाटतं, तू तेव्हा आधीचंच परत म्हणत होतीस. मी बोलले ते चुकलं. हे फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून कागद.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. प्रार्थनेच्या उरलेल्या ओळी लिहून पाठव. टाइप करून नको, तुझ्या अक्षरात.

ता. क. आणखी एक. मागच्या मंगळवारी मशीन रिकामं होतं, म्हणून दुसऱ्या पाळीच्या बाईने माझीही छातीची तपासणी उरकून घेतली. डाव्या बाजूला छोटंसं काहीतरी दिसलं. बहुतेक वेळा ते काहीच नसतं, हे मीच लोकांना दिवसभर सांगते. पुढच्या गुरुवारी दहा वाजता सुईने तुकडा काढून बघणार आहेत. लेकीला अजून सांगितलेलं नाही. मी आत असेन तेव्हा बाहेर बाकावर माझं माणूस हवं. प्रार्थना कर, नाहीतर पेपर वाच, तुझी मर्जी. मग त्या ओळी पोस्टात टाकू नकोस. बुधवारी घेऊनच ये.