पांढरी कोरांटी आणि सात कोरेटी

ऊर्जानगर, रविवार

आदरणीय कमलाबाई यांना हेमराजचा सप्रेम जयभीम.

आपले गुडघे कसे आहेत? मूलला धानाची रोवणी आटोपली असेल. मी इकडे बरा आहे, म्हणजे अंगाने. (फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, घरभर ऐकू जातं, आणि ही गोष्ट फिरून तुमच्या बहिणीच्या कानावर जायला नको.)

सरिता महिन्याभरासाठी लेकीकडे, प्रियाकडे गडचिरोलीला गेली आहे, गुरुवारी येते. तुमच्या आईनं तुम्हा दोघी बहिणींना पांढऱ्या कोरांटीची एकेक फांदी दिली होती, त्यातली तिची कुंडीत आहे. होती. बुद्धवंदनेला ती हीच फुलं ठेवते. मी इतकी वर्षं फुलं पाहिली, झाड कधी पाहिलं नाही. शेजारच्या पिवळ्या कोरांटीला हे एवढे काटे, आणि आमच्या कुंडीतल्या रोपाला एकही नाही, तेव्हा मी ते तण समजून उपटलं आणि कचरागाडीत टाकलं. संध्याकाळी कॉलनीतला झिंगू माळी म्हणाला, "साहेब, पांढरीले काटे रायतच नाई." कोरांटीच ती, मग एकीला काटे आणि एकीला नाहीत हा काय प्रकार आहे, मला अजून समजलेलं नाही.

त्याच्याच सांगण्यावरून जंगलाकडच्या एका गावी गेलो. पारावर विचारलं, कोरांटी कुठे मिळेल? ते म्हणाले, "कोनता कोरेटी? इथी कोरेटी आडनावाची सात घरं हायेत." मी म्हटलं, पांढरी. त्यांनी मला थेट इसरूभाऊ कोरेटींच्या दारी नेलं, कारण सातांत डोकं पांढरं त्यांचंच. मी म्हणे मला कोरांटी पाहिजे, ते म्हणे, "मीच कोरेटी, बोला ना." असा चहा संपेपर्यंत आमचा संवाद चालला. (चहा उत्तम होता.) शेवटी त्यांच्या पत्नी बुधरीबाईंना उलगडा झाला. त्यांनी कुंपणातून एक रोप मुळासकट काढून दिलं. पांढरीच ना, विचारलं तर म्हणाल्या, "फुलल्यावर दिसन." ते कुंडीत लावलं आहे, पण मनातून मी फार घाबरलो आहे.

आपला,
हेमराज

ता. क. : खरं काम हे, की तुमच्या कोरांटीची एक फांदी बुधवारच्या आत तुमच्याकडच्या धनराजच्या हाती पाठवावी. सरिताला कळू देऊ नये.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच सरिताचा फोन आला. म्हणाली, "आईची कोरांटी म्या येतानीच काढून आनली, प्रियाच्या अंगनात लावली. कुंडीत गवत झालं असन, तेवढं उपटून टाका." म्हणजे मी गवतच उपटलं होतं. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण मग वाटलं, स्वतःची एकुलती कोरांटी लेकीला देऊन आली, वंदनेला स्वतःजवळ एक फूल ठेवलं नाही आणि मला साधं बोलली नाही. तेव्हा फांदी पाठवाच. कुंडीत सध्या काय आहे ते मला माहीत नाही, पाणी मात्र रोज घालतो आहे.