तीस पडदे, एकच ओळख

१० मार्च, सोमवार

तीसच्या तीस पडदे नेहमीच्या निळ्याऐवजी काळे! सकाळी लॅब उघडली आणि हे दिसलं. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात एकच ओळ — सिस्टीमचा परवाना सक्रिय नाही.

तसं काम चालतं. टाइप होतं, छापता येतं. पण परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडायला गेलं की ते हटून बसतं — परवान्याशिवाय परीक्षा नाही. आणि परीक्षा बावीसला!

कुणाला बोल लावू? मीच केलंय सगळं. गेल्या आठवड्यात जुन्या संगणकांचे डबे काढून टाकले. आता टेबलावर नुसता पडदा आणि कीबोर्ड. खरे संगणक मागच्या खोलीतल्या सर्व्हरच्या पोटात. एक मूळ प्रत नीट तयार करायची, तिच्या तीस नकला काढायच्या, झालं काम. एकतीसला निवृत्त होतोय. म्हटलं, जाताना काहीतरी चांगलं मागे ठेवून जावं. ठेवलं!

मुख्याध्यापिका मॅडम दारातून डोकावल्या. "सर, कुणाचा दुखवटा आहे का?" त्या हसल्या. मीही दात दाखवले.

संध्याकाळी प्रौढांचा वर्ग. तीस जण. सगळ्यात मोठे ड्रायव्हरकाका, वय एकाहत्तर. उभा जन्म बस चालवली, आता माऊसही स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी धरतात. आणि तिसऱ्या रांगेत — ही! घरी 'अहो', वर्गात 'सर'. आज सगळ्यांसमोर हात वर करून विचारते, "सर, आमची परीक्षा बुडाली का हो?" चेहरा साळसूद. डोळे मात्र हसत होते.

११ मार्च

परवाना वाटणारा एक वेगळा सर्व्हर आहे आमच्याकडे. त्याचा नियम असा — निदान पंचवीस वेगवेगळ्या यंत्रांनी मागणी केल्याशिवाय तो कुणालाच परवाना देत नाही. ठीक. आमची तीस आहेत. मग घोडं अडलं कुठे?

त्याच्या मोजणीत आकडा दिसतोय — १.

तीस जण दार ठोठावतायत आणि हा म्हणतो, एकच आलाय! केबल तपासल्या. घड्याळं जुळवली. दोनदा बंद-चालू केलं. १. संध्याकाळी घरी निघताना पाहिलं — १.

१२ मार्च

१.

१३ मार्च, गुरुवार

सापडलं! आणि शोधलं कुणी? हिने!

वर्गाला अर्धा तास होता. ही लवकर आली होती. मी मागच्या खोलीत सर्व्हरपाशी, ही लॅबमध्ये, मध्ये भिंत, कानाला फोन. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो; म्हटलं, तो वाचून दाखव, मी नोंदीत शोधतो. तिसऱ्याचा वाचला. मग दहाव्याचा वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"अहो, हा तर तोच आहे."

"कुठला तोच?"

"मघाचा! शेवट आठ, एफ, दोन, सी. थांबा जरा…" चपलांचा आवाज. "अकराव्याचाही तोच. बाराव्याचाही. अहो, सगळ्यांचा तोच!"

बत्तीस अंक-अक्षरं! कुठे लिहून न घेता! मी विचारलं, लक्षात कसं राहिलं? "विसरलात का, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. पाचशे नंबर तोंडपाठ होते."

विसरलो नव्हतो. लेक झाली तेव्हा हिने ती नोकरी सोडली. 'सोड' असं मी म्हणालो नव्हतो. 'बघ बाई, तुझं तू ठरव' म्हणालो होतो. ते त्याहून वाईट.

असो. आता सगळं लख्ख दिसतंय. मूळ प्रतीला चिकटलेली ओळख तीसही नकलांत जशीच्या तशी उतरली. सर्व्हरला वाटतं, एकच माणूस तीसदा दार वाजवतोय! उपाय — मूळ प्रतीची ओळख पुसायची, ती बंद करायची आणि पुन्हा चालू न करता तशीच तिच्या नकला काढायच्या. मग प्रत्येक नक्कल पहिल्यांदा जागी होताना आपापली ओळख घेईल. हे पुसणं मोजक्याच वेळा करता येतं. आमच्या प्रतीत दोन खेपा शिल्लक आहेत. दोन म्हणजे चैन!

१४ मार्च

गाढव. शुद्ध गाढव आहे मी.

ओळख पुसली. मूळ प्रत बंद केली. आणि मग — तीस वर्षांची खोड! — नीट झालंय ना, एकदा बघू तरी, म्हणून चालू केली. उठताक्षणी तिने नवी ओळख घेतली. माझ्या टाळक्यात प्रकाश पडला तो तीसही नकला काढून झाल्यावर. मोजणी पुसून पुन्हा पाहिली. आकडा? १!

वाटेत हिला सांगितलं. मला वाटलं, धीर देईल. ती रस्त्यात उभी राहून हसायला लागली. "गॅस बंद केलाय का ते बघायला तुम्ही गॅस पेटवूनच बघता ना, तसंच झालं हे!" दोन बायका वळून बघायला लागल्या. मग मलाही हसू आवरेना.

१५ मार्च, शनिवार

एक खेप उरली. आज कशालाही हात लावला नाही.

१७ मार्च, सोमवार

काय दिवस! कुठून सुरू करू?

ही दुपारीच आली. म्हणाली, तुमच्यावर माझा भरवसा नाही. सर्व्हरसमोर दोन खुर्च्या. ओळख पुसली. मूळ प्रत बंद झाली. आणि खरंच सांगतो, माझं बोट आपोआप उचललं गेलं! हिने मनगट धरलं. "सर, हात मांडीवर."

नकला निघेपर्यंत हात मांडीवर. शाळेत मी मुलांना बसवायचो, तसा बसलो होतो.

पाच वाजता वर्ग आला. मी एकेक यंत्र जागं करत गेलो, परवान्याची मागणी टाकायची आज्ञा हिने पटापट शिकून घेतली आणि रांगेने देत सुटली. मोजणी पुन्हा शून्यावर आणली होती; मी मागच्या खोलीतून आकडा ओरडणार असं ठरलं.

"एक!" पुढच्याच मिनिटाला — "दोन!"

दोन!! या आकड्यासाठी इतका आनंद मला कधी झाला नव्हता. लॅबमधून ओरडा — "दोन!" मग काय, सगळेच मोजायला लागले. बारा. सतरा. मॅडम ऑफिसातून आल्या, काय गोंधळ आहे म्हणून, आणि त्याही मोजायला लागल्या. तेवीस. चोवीस. पडदे अजून काळेच. पंचविसावं यंत्र ड्रायव्हरकाकांचं. काका खुर्ची सोडून उभे, हात जोडलेले.

"पंचवीस!"

काका एवढ्या जोरात ओरडले की मी धावत बाहेर आलो. "निळा! माझा निळा झाला!" त्यांच्या पडद्यावरचा काळा रंग गेला होता. मग ही उलटी फिरली, मागच्या सगळ्यांना पुन्हा मागणी टाकायला लावत — आणि निळे, निळे, निळे! काका आनंदाने हॉर्न वाजवावा तसा टेबलावर हात आपटत होते.

मॅडम बराच वेळ हिच्याकडे बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, यंत्रांचं कौतुक बघतायत.

२२ मार्च

परीक्षा! मंडळाचे तपासनीस आले, पहिल्याच यंत्रावर परवाना तपासला, "छान" म्हणाले. एकच शब्द. मला पुरला.

निकाल तिथल्या तिथे. तीसपैकी अठ्ठावीस पास. काका एका गुणाने वाचले. पेढे वाटल्यासारखा तो एक गुण सगळ्यांना सांगत फिरले. ही दुसरी आली. वाटेभर पहिल्या आलेल्या बाईचं कौतुक करत होती, आणि हरएक वाक्याच्या शेवटी — "पण माझा वेग जास्त होता हं!"

३१ मार्च, सोमवार

निरोप झाला. भाषण विसरलो, 'थँक्यू' म्हणून बसलो. चाव्या मॅडमना दिल्या. त्यांना म्हटलं, नव्या माणसाला दोन दिवस शिकवायला येईन. त्या नुसत्या हसल्या. घरी येताना पावलं जरा जड होती. खोटं कशाला लिहू?

२ एप्रिल

सकाळी मॅडमचा फोन. छाती फुगली — यांना मला सोडवत नाही म्हणायचं! "बोला मॅडम, कधी येऊ?"

"तुम्ही नाही हो सर. वहिनींना द्या ना जरा."

दिला. ही पाच मिनिटं नुसतं हं, हं करत होती. मग म्हणाली, "येते." मला विचारलं नाही. बरं केलं.

सोमवारपासून ही लॅबची प्रमुख. डबा मी करणार.