ब्रेकमधली हवा

अण्णा, काल शेजारच्या गॅरेजमधून ती गाडी अखेर बाहेर पडली, आणि तिच्यात दोनच सीटा आहेत. एका सीटवर शेजारचे म्हातारबुवा, दुसऱ्या सीटवर तुमची नात. दोघांच्या तोंडाला मास्क, तरी दोघं हसतायत हे डोळ्यांवरून कळत होतं. मी फुटपाथवर उभी राहून टाळ्या वाजवत होते. गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी होती, आणि सगळ्यांना वाटलं असणार, बघा आईला किती आनंद झालाय. अण्णा, मी जळत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पंचेचाळिशी उलटलेली बाई मी, ऑफिसात लोक माझा सल्ला घेतात, आणि एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा मला इतका हेवा वाटला की घरात येऊन कपाळाला अमृतांजन चोळून बसले. नवऱ्याला सांगितलं तर तो हसेल. म्हणून तुम्हाला सांगते. तसंही हे जळणं तुमच्यापासूनच सुरू झालंय, तेव्हा ऐकून घेणं तुमच्याकडे लागतं.

तुम्ही गेलात तेव्हा आम्ही पुण्यात होतो. आता युट्रेख्टच्या बाहेर राहतो. मागच्या वर्षी सगळं बंद झालं आणि आमची दोघांची ऑफिसं घरात आली. नवरा माळ्यावरच्या खोलीत, मी खाली खिडकीशी, आणि मुलगी आपल्या खोलीत दार लावून लॅपटॉपवर शाळा करायची. शेजारचे म्हातारबुवा एकटेच. इथे डच भाषेत शेजाऱ्याला बुरमन म्हणतात, मुलगीही त्यांना तेच म्हणते. वाण्याकडून काही हवंय का विचारून ये, असं म्हणून तिला त्यांच्याकडे मीच पाठवलं होतं, कुऱ्हाडीचा दांडा तो असा. ती दोन तासांनी परत आली ती कोपरापर्यंत काळे हात घेऊन. त्यांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी होती. किट कार. म्हणजे सुटे भाग खोक्यांतून घरी आणायचे आणि आपली आपण जोडायची. एका जुन्या जर्मन मोटारीचा सांगाडा, त्यावर फायबरची लाल बॉडी, वर टप नाही. तरुणपणी त्यांनी बायकोबरोबर जोडलेली, मग वर्षानुवर्षं पडून राहिलेली. ती त्यांना पुन्हा चालती करायची होती, पण छातीचा जुना आजार असल्यामुळे डॉक्टरांनी कुणाच्या जवळ जायचं नाही असं बजावलेलं. तेव्हा म्हातारबुवा गॅरेजबाहेर फोल्डिंगच्या खुर्चीवर बसायचे, हातात घेवड्याच्या वेलाला लावतात ती लांब काठी, आणि काठीने दाखवून दाखवून आत माझ्या मुलीकडून काम करून घ्यायचे. हात तिचे, डोकं त्यांचं.

माझ्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं आई म्हणायची, पण यात माझंही होतंच की काहीतरी. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा चालू असायचा आणि लक्ष शेजारच्या गॅरेजात. घरात ही पोरगी एका शब्दात उत्तर देते. मी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये किंवा इंग्रजीत सांगायचं, हे आता अंगवळणी पडलंय. पण तिकडे ती चार-चार वाक्यं सलग बोलायची, हातवारे करायची, खळखळून हसायची. एकदा मला म्हणाली, आई, उद्या थालिपीठं करशील का, बुरमनला पण हवीत. केली. मुद्दाम मिरची जरा हात सैल सोडून घातली. म्हातारबुवांनी घाम पुसत पुसत तीन खाल्ली आणि निरोप पाठवला की असं काही आयुष्यात खाल्लं नव्हतं. त्या रात्री जेवताना मी विचारलंच.

"इथे आईबापाशी बोलायला तोंड दुखतं तुझं. तिथे एवढं काय बोलता गं?"

"वी डोन्ट टॉक," ती म्हणाली. "वी वर्क."

"करू दे ना," नवरा म्हणाला. "स्क्रीनसमोरून उठतेय तेवढं तरी. तुला एवढं वाटतं तर तू पण जा की."

"मला कुणी बोलावलंय?" मी म्हटलं आणि ताटं उचलली.

मला कुणी बोलावलंय. हे वाक्य माझ्या तोंडात नवीन नाही, अण्णा. नगरला आपल्या घरामागे पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली तुमची जीप आहे, चाकं काढून विटांवर ठेवलेली. रविवार आहे. पाटबंधारे खात्यातला साहेब आज लुंगी नेसून गाडीखाली आडवा झालाय, बाहेर फक्त पाय दिसतायत. शेजारी दादा बसलाय, थोरल्या काकांचा मुलगा, डिप्लोमासाठी आपल्याकडे राहायला आलेला. तुम्ही न बघता हात बाहेर काढता आणि तो त्या हातात बरोब्बर पाना ठेवतो. मी उकिडवी बसून बॅटरी धरलीय. ती स्टीलची, तीन सेलची, जड. माझं काम तेवढंच. "नीट धर. कुठं बघतेस? माझ्या डोळ्यात मारू नकोस उजेड." नावडतीचं मीठ अळणी, तशी माझी बॅटरी कायम हललेलीच असायची. माझा क्लास असला की तुम्ही खिळ्यावरचा लांब वायरचा बल्ब काढून गाडीखाली न्यायचात आणि तुमचं काम उत्तम चालायचं. मी घरी असले की मात्र हाक यायची, बॅटरी घेऊन ये. म्हणजे मी त्या बल्बच्या बदलीवर होते, असा मी अर्थ काढला होता. एकदा मी पाना उचलून एका नटला लावला, तर तुम्ही म्हणालात, "ठेव ते खाली. हात काळे करू नकोस, उद्या पेपर आहे तुझा." दादाचाही उद्या पेपर होता. त्याचे हात काळे झाले, रॉकेलने पुसून झाले, आईने त्याला गरम पाणी काढून दिलं, आणि मी स्वच्छ हातांनी आत जाऊन पुस्तक उघडून बसले.

सगळ्यात जास्त खुपते ती ब्रेकची दुपार. चाकाजवळच्या नळीतून ब्रेकमधली हवा काढायची असते आणि त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकापाशी. दादा वर सीटवर, तुम्ही खाली. तुम्ही ओरडायचात, "दाब." तो म्हणायचा, "दाबलं." मग "धर." "धरलंय." तुम्ही नट सैल करायचात, नळीतून तेल बाटलीत यायचं, त्याच्याबरोबर हवेचे बुडबुडे यायचे, तुम्ही नट आवळायचात आणि म्हणायचात, "सोड." "सोडलं." एखादं गाणं म्हणावं तशी ती दोघांची लय लागली होती आणि मी उजेड धरून ती ऐकत होते. मग बुडबुडे संपले. नळीत नुसतं स्वच्छ तेल होतं, मला बॅटरीच्या उजेडात लख्ख दिसत होतं. तरी तुम्ही म्हणालात, अजून हवा आहे, दाब. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मी म्हटलं, अण्णा, बुडबुडे संपले. तुम्ही म्हणालात, "तू बॅटरी धर नीट." आतून आई जेवायला हाका मारतेय, आमटी गार होतेय, आणि तुमचं आपलं दाब, धर, सोड. मला वाटलं तुमची नजर अधू झालीय. पुढे तुम्ही सत्तरीतही चष्म्याशिवाय पेपर वाचायचात, पण तेव्हा मला ही गोष्ट आठवली नाही.

मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मला भारीतला कॅल्क्युलेटर दिलात. दादाला डिप्लोमा झाल्यावर पान्यांचा सेट दिला होतात, हिरव्या फडक्यात गुंडाळलेला. कॅल्क्युलेटर महाग होता हे मला माहीत आहे. तुम्ही गेल्यावर जीपही दादाकडे गेली, आणि ते योग्यच झालं, मी ती कुठे ठेवणार होते? अजूनही गणपतीत त्याचा फोन येतो आणि तो न चुकता म्हणतो, काकांनी मला हात दिले गं. मी म्हणते, हो रे दादा. फोन ठेवते आणि मग दिवसभर घरातल्या कुणाशी धड बोलत नाही. मला काय दिलंत, उजेड धरायला शिकवलंत? माझी सगळी नोकरी बोटांच्या टोकांवर चालते. माझे हात आजवर एकदाही काळे झालेले नाहीत.

तर गेल्या हिवाळ्यात त्या गाडीचे ब्रेक करायची वेळ आली. बाहेर बर्फ, घरात एका वेळी एकच पाहुणा असा नियम. म्हातारबुवांना महिनाभर खोकला होता, त्यामुळे माझी मुलगी त्यांना गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नव्हती. पेडलवर बसायला घरातलंच माणूस हवं होतं. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा कॉलवर आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "तू येशील का?"

बघा, इथेही माझा नंबर दुसराच. तरी मी चालू मीटिंगमध्ये प्रकृतीचं कारण सांगितलं, कोट चढवला आणि गेले. म्हातारबुवा बाहेर तीन ब्लँकेटं गुंडाळून बसले होते. त्यांनी काठी उंचावून मला नमस्कार केला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूच्या सीटवर बसले, अण्णा, म्हणजे दादाच्या जागेवर. मुलगी मागच्या चाकाआड गेली, तिची फक्त लोकरीची टोपी दिसत होती. पहिल्यांदा सगळा घोळच झाला. ती दाबायलाही ओके म्हणायची, धरायलाही ओके, नट उघडला की पुन्हा ओके. मी भलत्या ओकेला पाय उचलला आणि बाहेर काढलेली सगळी हवा परत आत गेली. बाहेरून म्हातारबुवा काहीतरी ओरडले. "मम!" मुलगी वैतागून म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "हे असं होत नसतं. मी सांगते तेच तीन शब्द बोलायचे. दाब, धर, सोड. मी उत्तर दिल्याशिवाय नटला हात लावायचा नाही."

"मराठीत?"

"मराठीतच. नाहीतर मी चालले घरी."

तिची टोपी पुन्हा चाकाआड वाकली. मग चाकाआडून आवाज आला, "दाब." तिचा द जरा वेगळाच लागतो. "दाबलं." "धर." "धरलंय." "सोड." "सोडलं." दोन-तीन वेळा अडखळत झालं आणि मग लय लागली. एक चाक झालं, दुसरं झालं. तिने विचारलं, हे तुला कुठून येतं? मी म्हटलं, तुझे आजोबा घरी जीपचे ब्रेक असेच करायचे, मी बॅटरी धरायचे. ती उठून उंबऱ्यापाशी गेली आणि म्हातारबुवांना डचमध्ये सांगू लागली की माझ्या आजोबांची जीप होती, त्यांनी घरीच बांधली होती. तुम्हाला तिने पाहिलेलंही नाही, अण्णा, पण काय रुबाबात सांगत होती. त्या क्षणी मला तुमचासुद्धा हेवा वाटला. माझ्याविषयी ती कुणाला असं सांगत असेल का?

शेवटच्या चाकाला पेडल कडक झालं. पायाखाली दगड आल्यासारखं, जरासुद्धा आत जाईना. ब्रेक झाले होते, काम संपलं होतं. हे फक्त पेडलवरच्या माणसाच्या पायाला कळतं.

"कसं आहे?" तिने विचारलं. तिने मराठीत विचारलं, अण्णा, शिकवलेल्या तीन शब्दांबाहेरचं, आपणहून.

"अजून मऊ आहे," मी म्हटलं.

"पण बुडबुडे नाहीत."

"तू नळीकडे बघ नीट."

हे माझ्या तोंडून गेलं आणि माझा पाय पेडलवर तसाच राहिला. तुमची नजर अधू नव्हती. नळीत बुडबुडे नाहीत हे तुम्हाला माझ्याआधी दिसलं होतं. तुम्हाला फक्त ती दुपार संपवायची नव्हती.

ती दादाबरोबरची दुपार होती, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे, आणि तशीच असेल. त्या विचाराने मला आजही नव्याने जळायला होतं. मात्र काल टाळ्या वाजवून घरी आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. खिळ्यावर लांब वायरचा बल्ब होता. तो गाडीखाली नेला असता तर कुणालाही उकिडवं बसायची गरज नव्हती. मी घरी असले की तुम्ही तो काढायचा नाहीत. मला हाक मारायचात. आणि बुडबुडे संपल्याचं मी सांगितलं तरी बॅटरी ठेव, जा आत, असं म्हणाला नाहीत. धर म्हणालात.

कुणासाठी लांबवत होतात हे आता विचारता येत नाही, आणि दादाला विचारलं तर तो आपल्या सोयीचं सांगेल. हे सगळं मी ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलंय, मीटिंगच्या टिपणांखाली. दुपारच्या कॉलच्या आधी पुसून टाकीन. काल ती लाल गाडी कोपऱ्यावर गेली, मागचे दिवे लागले आणि ती जिथल्या तिथे थांबली. सगळ्यांनी म्हातारबुवांचं आणि मुलीचं कौतुक केलं. पेडलवर कोण होतं हे कुणी विचारलं नाही, आणि तेही मला लागलं. पण ब्रेक चांगले लागणारच होते. पेडल कडक झाल्यानंतर मी तिला आणखी चार वेळा, अजून मऊ आहे, असं सांगितलं होतं, आणि चारही वेळा ती दाब म्हणाली. हे मी तिला सांगणार नाही. तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत?