कार्बोरेटरमधली सुई

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिभेला अजून वंगणाची गरज नाही. परवा तिनं फर्मान काढलं की एक्याऐंशी पूर्ण व्हायच्या आत तिला बाबांच्या गाडीतून एक फेरी मारायची आहे. मी म्हटलं, टॅक्सी बोलावतो. तर म्हणाली, टॅक्सीत बसायला मला मुलगा कशाला हवा?

चौतीस वर्षांनी गाडीवरची ताडपत्री काढली. आपण तिला हातही लावला नव्हता, बाबांनी लावू दिला नव्हता. जळालेल्या वायरी बदलल्या, ब्रेक झाले, टाकी धुतली. राहिलाय फक्त कार्बोरेटर. त्याच्यासमोर रोज सकाळी स्टूल घेऊन बसतो आणि ग्रंथालयाची वेळ झाली की उठतो. हसू नकोस.

तुला काय सांगायचं? विसाव्या वर्षी मी शहाणपणा करून आतली, पेट्रोल अडवणारी सुई बदलली. कंपनीची काढली, बाजारातली डुप्लिकेट बसवली. दुसऱ्या दिवशी पेट्रोल वाहून बाहेर आलं, भडका उडाला आणि आईचे हात भाजले ते कायमचेच. बाबांनी हॉस्पिटलात एकदाच विचारलं होतं, सुई कुणी बदलली? पुढे मी पाना हातात धरला नाही.

बाबांचं सुट्या भागांचं पुस्तक तुझ्याकडे आहे ना? प्रत्येक भागाचं चित्र आणि नंबर त्यात आहे. ते पाठव. एकेक तुकडा ताडून बघतो, आणि माझं ते पाप आधी बाहेर काढतो. आईला त्या सुईच्या भरवशावर नेणार नाही.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा पान्या


ता. ११ फेब्रुवारी

चि. पान्यास,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे. पानं जपून उलट, शिवण सुटली आहे. ह्यांना नवा चष्मा लागला, आता माझा स्वयंपाक नीट दिसतो म्हणून तक्रारी वाढल्यात.

एक सांगू? तू स्वतः कार्बोरेटर उघडू नकोस. एखाद्या जाणत्या कारागिराकडे अख्खा देऊन टाक. तो धुऊन, नवं काय ते घालून परत देईल. आत काय होतं, काय नव्हतं, ते बघून आता कुणाचं भलं होणार आहे? आईला फेरी मारायची आहे, तुला कुठे परीक्षेला बसायचंय? उगाच जुनी खपली काढू नये.

ब्रेक दोनदा तपास. पत्र लगेच टाक, मला चैन पडत नाही.
तुझं बरं चिंतणारी,
ताई


ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. उघडला.

टेबलावर पांढरं कापड अंथरून सगळं मांडलं. अंगावर ओतीव नंबर आहे, तो पुस्तकातल्यासारखाच. झाकणाच्या स्क्रूखाली पितळी चकती असते, ती बहुतेक गाड्यांची हरवते म्हणे; आपली जागेवर आहे. पेट्रोल सोडणाऱ्या बारीक जेटवरचे आकडे भिंगातून वाचले, जुळले. स्क्रूची डोकीसुद्धा चित्रातल्यासारखी. मग पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची खीळ ओढली आणि सुई तळहातावर पडली.

ताई, ती माझी नाही.

मी बसवलेली अख्खी पितळेची होती, टोकाला काळं रबर. माझ्या हातांनी बसवली, विसरेन कसा? ही पोलादी टोकाची आहे. बुडाशी कंपनीचा शिक्का, नंबर पुस्तकातला. टोकाला झिजून खोल कडं पडलंय. चार वेळा बघितलं, मग सगळं कापडात बांधून उठलो.

जुन्या बाजारामागे कार्बोरेटरवाले काका बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सुई तिच्या बैठकीत फिरवून पाहिली आणि म्हणाले, ही दोघं कारखान्यातून जोडीनं आलीत, जोडीनं झिजलीत. मात्र एवढी झिजलेली सुई पेट्रोल अडवत नाही, ही लावून गाडी चालू करणं म्हणजे काडी लावणं.

आगीनंतर गाडीला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे मी बदलल्यावर आणि आगीच्या आधी कुणीतरी जुनी परत घातली. मी त्या सकाळी कॉलेजात होतो. तू घरी होतीस. मला काय विचारायचंय ते तुला कळलंय. खरं लिही.

तुझा पान्या


ता. १ मार्च

चि. पान्यास,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

बाबांनी घातली. तू गेल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं. म्हणाले, कंपनीचं ते कंपनीचं, पोराला काय कळतंय. मी टॉर्च धरून उभी होते. तुझी सुई त्यांनी खिडकीतून भिरकावली.

हॉस्पिटलात त्यांनी तो प्रश्न तुझ्याकडे बघून विचारला आणि तू मान खाली घातलीस. मला वाटलं, आता सांगतील. मग मला म्हणाले, तिचे हात भरून येऊ देत, मी त्याला सांगतो. हात जमेल तसे भरून आले. नंतर मी विषय काढला की ते उठून जायचे. मी तेवीस वर्षांची होते, बापाला खोटं कसं पाडू, असं वाटलं. ते वारल्यावर तर सहा वर्षं कुणाची भीती होती? माझीच. तू पाना टाकलास, ग्रंथालयात चिकटलास, आणि मी तुला पान्या म्हणून चिडवत राहिले. ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

आईला हे माहीत नाही. तुझं पत्र येईल का, याची वाट बघते आहे. आलं तरी भीती, नाही आलं तरी भीती.
ताई


ता. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पंचवीस दिवस लिहिलं नाही, कारण रागात जे लिहिलं असतं ते तू जपून ठेवलं असतंस.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, त्या आखडलेल्या बोटांनी. म्हणाली, तुझे बाबा घाबरट होते, हे मला लग्नाच्या आठवड्यात कळलं होतं. आग लागली तेव्हा ते स्टिअरिंग धरून गोठले होते, चादर मारून आग मी विझवली. मग भाजीचं ताट बाजूला सारून म्हणाली, पण तू चौतीस वर्षं माझ्या हातांकडे न बघता जेवलास. मला वाटायचं, तुला त्यांची किळस येते.

ताई, मी तिथेच तिचे हात धरून बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काकांकडून नवी सुई आणली, बाजारातलीच, रबरी टोकाची. ते कुरकुरले, सगळा संच कंपनीचा असताना मधेच हे डुप्लिकेट कशाला! मी म्हटलं, असू दे. तीन दिवस पेट्रोल भरून ठेवलं, खाली कोरडा कागद अंथरून. थेंब पडला नाही. तरी काल किल्ली फिरवताना जीव मुठीत होता. आई शेजारी बसली होती आणि मी हळू चालवतो म्हणून ओरडत होती. दोन फेऱ्या झाल्या.

मी तुला माफ केलं, असं लिहिणार नाही. खूप भांडायचं आहे, आणि ते टपालातून होत नाही. रविवारी ये. स्टेशनवर गाडी घेऊन येतो.

तुझा,
पान्या