पेडल मऊ लागतंय

३ मार्च, सोमवार
मोटार दुरुस्तीच्या कोर्सचा एक आठवडा झाला. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं विमा ऑफिसात अपघाताचे क्लेम तपासले, म्हणजे मोडलेली गाडी कशी दिसते हे वर्गात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. ऑफिसने लवकर निवृत्त केलं. (मी झालो, असं सांगायचं.) तीन महिन्यांत स्वतःचं गॅरेज. नाव तेवढं ठरायचंय.

७ मार्च, शुक्रवार
मास्तरांनी एक गाडी मुद्दाम बिघडवून ठेवली. दोष शोधा म्हणाले. मी बॉनेटला कान लावून सांगितलं, इंजिन गेलंय, गिअरबॉक्सही धोक्यात. बॅटरीची वायर सैल निघाली. मास्तर म्हणाले, आधी बघा, मग हात लावा, मग बोला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. शिकतील.

९ मार्च, रविवार, दुपारी २
घरच्या गाडीचे ब्रेक हाती घेतले. नळीतली हवा काढायचा धडा उद्या आहे, पण वाट कशाला बघायची? याला दोन माणसं लागतात म्हणे. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी स्क्रू सैल करून तेल आणि हवा बाहेर सोडायची. ही घरातच होती. पण हिला बोलावलं की प्रश्न विचारते. मी पेडलवर काठी लावली, काठीचं दुसरं टोक सीटला. डोकं लागतं.

५.३०
झालं. तेल बरंच सांडलं, म्हणजे हवाही तितकीच गेली असणार. पेडल लोण्यासारखं मऊ लागतंय. हिला म्हटलं, आता पायाला त्रास नाही. म्हणाली, मला त्रास होता कधी?

१० मार्च, सोमवार, सकाळी ९
ही आज दहाला माझ्या सासऱ्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन निघणार. ऑपरेशननंतरची पट्टी काढायचीय. गाडी दारातून बाहेर काढून ठेवतानाच म्हणाली, पेडल जरा जास्तच खाली जातंय. म्हटलं, सवय होईल.

१०.२०, वर्कशॉपचं टॉयलेट
ब्रेकचा धडा. मास्तरांनी मला वर्कशॉपच्या गाडीत बसवून पेडल दाबायला लावलं. ओळखीचा मऊपणा. मास्तर म्हणाले, मऊ पेडल म्हणजे नळीत हवा. अशी गाडी एकदा थांबते, दोनदा थांबते. तिसऱ्यांदा नाही.
हिला फोन केला. उचलत नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा नियम मीच घातलाय. चांगला नियम आहे.

१०.२६
सात फोन झाले. वाटेत पूल आहे. पुलाला उतार आहे. उताराखाली सिग्नल. आठवा लावला.

१०.३०
मास्तरांना सहज विचारलं, समजा एका मित्राने एकट्यानेच हे काम केलं असेल तर? मास्तरांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, मित्राची गाडी आत्ता कुठे आहे?
मी म्हणालो, पुलाकडे. मग म्हणालो, गाडीत माझी बायको आहे.

संध्याकाळी ७
मास्तरांच्या मोटरसायकलवर मागे बसलो. उतार संपतो तिथे रोपवाटिका आहे. गाडी तिच्या मातीच्या ढिगात नाक खुपसून उभी होती.
दोघं सुखरूप. सासरे पट्टी बांधलेले, आत बसून विचारत होते, आला का दवाखाना? ही बाहेर उभी. पेडल तळाला गेलं, पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. मग हिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि सिग्नलला उभ्या माणसांच्या ऐवजी मातीकडे वळवली. हे सगळं ती मास्तरांना सांगत होती. माझ्याकडे बघत नव्हती.
मास्तरांनी माती सारून बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची टाकी रिकामी. मग मागच्या चाकापाशी वाकले, स्क्रू अर्धवट आवळलेला. विचारलं, हे काम कोणी केलं?
मित्राने, असं तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, मी.

१२ मार्च, बुधवार
मास्तर घरी आले. हिला पेडलवर बसवलं, मला चाकापाशी. ती म्हणायची, दाबलंय. मी स्क्रू उघडायचो, बंद करायचो, म्हणायचो, सोड. चार चाकं, पाऊण तास. हिने एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं वाटलं असतं.
मला पुढच्या बॅचला पहिल्या दिवसापासून बसायचंय. मास्तरांचा हुकूम.

१६ मार्च, रविवार
सासऱ्यांना पुन्हा दाखवायचं होतं. ही चावी घेऊन दारात आली आणि चावी माझ्या हातात दिली. म्हणाली, आधी तुम्ही एकटे पुलावरून जाऊन या. आम्ही इथे थांबतो.
गेलो. ताशी दहाच्या वेगाने. उतारावर सहा वेळा ब्रेक दाबला, सहाही वेळा गाडी थांबली. मागून एक सायकलवाले आजोबा घंटी वाजवत पुढे निघून गेले.
परत आलो. दोघं रिक्षाने गेली होती.