पांढरा डबा आणि एकशे दहा व्होल्ट

३ सप्टेंबर २००६, रविवार
सुजाता आज रविवार असूनही दुकानात. शिकली बी. ई. इलेक्ट्रॉनिक्स. चार वर्षं रात्रंदिवस अभ्यास केला तो टीव्हीवर उड्या मारणारी माणसं विकायला का, असं सकाळी विचारलं. म्हणाली, "आई, त्याला गेमिंग कन्सोल म्हणतात. आणि मी त्या काउंटरची इन्चार्ज होणार आहे."
दुकानाचे मालक मोहनराव, त्यांनी तसा शब्द दिला आहे. धनत्रयोदशीला नवा काउंटर, सगळी जबाबदारी सु.कडे. दुकानात सात माणसं, त्यात ही एकटी बाई. मी म्हटलं, इन्चार्ज कशाची, पोरखेळाची. चहा अर्धा ठेवून गेली.
हे म्हणाले, एवढं टोचून बोलायची गरज नव्हती. असेल. पण पोरखेळाला दुसरा शब्द मला येत नाही.

७ सप्टें., गुरु.
भाजी आणायला गेले तर चौकात दोन फ्लेक्स. एकावर पांढरा डबा, तोच गेमिंग कन्सोल, मोहनरावांचा. समोर रस्त्यापलीकडे काळा डबा, प्रकाशरावांचा. दोघे सख्खे चुलतभाऊ. पूर्वी एकच दुकान होतं, वाटण्या झाल्या आणि मधे रस्ता आला. आता एकाने पांढऱ्या कंपनीची एजन्सी घेतली म्हणून दुसऱ्याने काळ्या कंपनीची. प्रकाशरावांचा काळा डबा तर अजून जगात कुठेच विक्रीला आलेला नाही, असं सु. सांगते. काचेत नुसता पुठ्ठ्याचा खोका ठेवून नावं लिहून घेताहेत.
पेठेतल्या तालमींनी बाजू घेतल्या आहेत. एक तालीम पांढऱ्याची, एक काळ्याची. आजवर तालमींच्या फुटबॉल सामन्यांवरून डोकी फुटायची, आता न आलेल्या डब्यावरून फुटणार. मिशा फुटलेले बाप्ये पुठ्ठ्यासमोर उभे राहून वाद घालतात. कामधंदे नाहीत का यांना?

२० सप्टें., बुध.
मोहनरावांना धीर नाही. कंपनीचा माल दिवाळीच्या तोंडावर येणार, म्हणून अमेरिकेतल्या मेव्हण्याकडून एक पांढरा डबा आधीच मागवला. समोरच्याचा पुठ्ठा आणि आपला खरा, हे पेठेला दाखवायचं. आज आला. सु. घरी आली ती उजळून. असा चेहरा तिला नोकरी लागल्यापासून पाहिला नव्हता.
जेवताना तेच. डब्याचा अ‍ॅडॉप्टर अमेरिकेचा, एकशे दहा व्होल्टचा. आपल्या भिंतीत दोनशे तीस. थेट लावला तर जळणार. मधे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा, तो पुण्याहून मागवला आहे, ३ ऑक्टोबरला येईल. तोवर कुणी हात लावू नये म्हणून हिने अ‍ॅडॉप्टरवर कागद चिकटवला: "थेट लावू नये. ११० व्होल्ट. सु. कांबळे."
बरोबर केलं. आठवीला मी हेच शिकवलं तेहतीस वर्षं.

२६ सप्टें., मंगळ.
सु.ने बाकी सहा जणांना शिकवणी चालू केली. वायरी कुठे जोडायच्या, गिऱ्हाइकाला काय सांगायचं, कुठला खेळ कुठल्या वयाच्या पोराला. वही केली आहे त्यासाठी. मोहनरावांचा पुतण्या अभिजित वही उघडत नाही म्हणते. अभिजित माझ्याच वर्गात होता. तेव्हाही उघडत नव्हता.

१ ऑक्टोबर, रवि. खंडेनवमी.
घटना जशी सु.ने सांगितली तशी लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.
दुकानात यंत्रांची पूजा. टीव्ही, फ्रिज, बिलाचं मशीन, आणि यंदा पाटावर मधोमध पांढरा डबा. भटजी, मोहनरावांच्या आई, बायको, सगळा स्टाफ, फोटोग्राफर. पूजा सुरू व्हायच्या आधी मोहनराव सु.ला म्हणाले, "कांबळे मॅडम, तुमी तवर गोडाऊनचा स्टॉक बघून घ्या की."
ही गेली. बाकी सहा जण पूजेला उभे.
गोडाऊन मागच्या गल्लीत. ही तिथे खोकी मोजत असताना इकडे मुहूर्त संपत आला. भटजी म्हणाले, यंत्र चालू करा, पूजा पूर्ण होऊ दे. अभिजितने प्लग भिंतीत घातला. फट् असा आवाज, धूर, जळका वास. मोहनरावांच्या आई खालीच बसल्या.
ही परत आली तेव्हा डब्याच्या शेजारी उदबत्ती चालू होती. कागद अ‍ॅडॉप्टरवर नव्हता. तिथे कुंकवाचं स्वस्तिक.
मी विचारलं, तुलाच का बाहेर पाठवलं? सु. म्हणते, खरंच स्टॉक बघायचा असेल. खंडेनवमीला? सणाच्या दिवशी, पूजेच्या वेळी, खोकी मोजायची? तिला कळत नाही असं नाही. म्हणायचं नाही.
त्या खोलीत एकशे दहा आणि दोनशे तीसमधला फरक कळणारं एकच माणूस होतं, आणि तेच बाहेर घालवलं.

२ ऑक्टो., सोम. दसरा.
विहारात वंदनेला. धम्मदीक्षेला यंदा पन्नास वर्षं. मी दहा वर्षांची होते, वडिलांनी, दादांनी, घरातले देवांचे टाक बाहेर नेले तो दिवस आठवतो. आज गर्दी पुष्कळ, भाषणं लांब. माझं लक्ष नव्हतं. सु. आली नाही, डोकं दुखतं म्हणाली.

४ ऑक्टो., बुध.
मेडिकलमध्ये गोळ्या घेत होते. शेजारी एक ओळखीची बाई. म्हणते, "तुमच्या सुजातानं मोहनरावांचा अमेरिकेचा डबा जाळला म्हनं? हुतंय हो बाई, पोरगीच हाय."
गोळ्या न घेता घरी आले.
सु.ला विचारलं. सोमवारपासून दुकानात हेच सांगताहेत, म्हणे. मोहनरावांनी स्वतः. गिऱ्हाइकांनाही. दोन दिवस ही जेवत नव्हती ते डोकेदुखीने नव्हे. इन्चार्जचंही आता "बघू".
आणि डबा? अ‍ॅडॉप्टरच गेला असावा, आतलं वाचलं असेल, उघडून पाहिलं तर कळेल, असं तिचं म्हणणं. पण तिला हात लावू देत नाहीत. पुन्हा जाळेल म्हणून!
मी चप्पल घातली. यांनी दार अडवलं. "तू गेलीस तर ती नोकरी गेली. जाऊ दे, विसरतील लोक."
जाऊ दे. पन्नास वर्षांत हा एक शब्द या घरातून गेला नाही.

६ ऑक्टो., शुक्र.
फोटो स्टुडिओत गेले. पूजेचे फोटो कुणी काढले ते शोधायला दोन ठिकाणं फिरावी लागली. फोटोग्राफरची बहीण माझी विद्यार्थिनी, लगेच प्रिंट दिल्या. तीन घेतल्या.
पहिल्यात भटजी पाट मांडताहेत. अ‍ॅडॉप्टरवर सु.चा कागद स्पष्ट, अक्षरसुद्धा वाचता येतं. दुसऱ्यात कागद नाही, कुंकू आहे. कागद का काढला ते फोटोग्राफरने सहज सांगितलं: "बाई, फोटोत कागूद बरा दिसंना, मग अभिजितदादानं काढला." तिसऱ्यात अभिजितचा हात प्लगवर. सगळे हसताहेत. सु. तिन्हींत नाही.
अभिजित. आठवी ब. विजेच्या धड्यावर मी दोन तास जास्त घेतले होते त्या वर्गाचे. माझंही काही चुकलंच.

११ ऑक्टो., बुध.
सु. रोज जाते. साडेनऊला निघते, मान खाली. तिला फोटो दाखवले. पाहिले, पाकिटात घातले, परत माझ्या हातात दिले. मला वाटलं होतं की ती

जाऊ दे. (मीही लिहिलं शेवटी.)

१६ ऑक्टो., सोम.
मोहनराव घरी आले. सकाळी अकराला, पेढ्यांचा पुडा घेऊन. कंपनीचा माल आला आहे, पंचवीस खोकी, आणि मोठ्या पडद्यावर खेळ दाखवायची जोडणी कुणाला येत नाही. अभिजितने दोन दिवस वायरी इकडून तिकडे केल्या. गुरुवारी धनत्रयोदशी. समोर प्रकाशरावांनी हलगी सांगितली आहे.
"मॅडमनी काउंटरला उभं ऱ्हायचं. इन्चार्ज म्हणून. मी शब्द दिलाय न्हवं का," म्हणाले.
मी फोटो समोर ठेवले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "फोटो झ्याक आल्यात."
मी म्हटलं, प्लग कुणी लावला ते सगळ्या स्टाफसमोर सांगा. तेवढंच हवं आहे.
तेव्हा माणूस खरं बोलला. "बाई, पूजेत यंत्र जळालं म्हटलं की गिऱ्हाईक अपशकून धरतंय. समोरचा तर वाजतगाजत सांगंल. पोरीनं चुकून लावला म्हटलं की लोक हसून सोडून देत्यात. त्यात तिचं काय गेलं?"
तिचं काय गेलं! मी विचारलं, मग पूजेला तिला बाहेर का पाठवलंत? बाकी सहा जण चालले.
"आमच्या आईचं सोवळं असतंय. म्हातारीचं मन मोडवत न्हाय."
असं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. निदान स्टॉकची थाप तरी मारायची होती. हे खिडकीकडे बघत होते. सु. चहा घेऊन दारात उभी, तिने सगळं ऐकलं. कप ठेवला आणि म्हणाली, "काका, मी बुधवारी सांगते." मोहनरावांनी चहा मात्र पुरा प्याला.

१७ ऑक्टो., मंगळ.
आता प्रकाशरावांचा फोन. काळा डबा आला की काउंटर सु.चा, पगारही चांगला. एकच अट: धनत्रयोदशीला त्यांच्या दुकानात येऊन, माइकवर, पूजेत डबा कसा जळला ते सांगायचं. "खरंच तर सांगायचं हाय, खोटं थोडंच?" म्हणाले.
म्हणजे एका भावाला तिचं तोंड बंद हवं, दुसऱ्याला उघडं. तिच्या हातातलं काम कुणालाच नको आहे. मी सु.ला म्हटलं, दोघांच्या तोंडावर नोकरी फेक. असल्या पोरखेळासाठी मान खाली घालू नकोस.
आणि ती माझ्यावर उसळली. आवाज चढवून बोलणारी मुलगी नाही ही.
"तू सगळ्यांशी भांडलीस. फोटो आणलेस. पण मला हे काम येतं, कोल्हापुरात माझ्याइतकं कुणाला येत नाही, हे तू एकदा तरी म्हणालीस? पोरखेळ. त्या लोकांनी मला पूजेतून घालवलं, आणि तू पहिल्या दिवसापासून हसतेस."
तिच्या खोलीचं दार लागलं. हे पेपर वाचत राहिले, त्याचा जास्त राग आला.

१८ ऑक्टो., बुध.
सु. दुकानातून लवकर आली. टेबलाशी बसली आणि एका कागदावर लिहिलं. मला वाचायला दिलं. मी विचारलं नव्हतं.
"१ ऑक्टोबरला अमेरिकन यंत्र थेट भिंतीत जोडलं ते अभिजित यांनी. सु. कांबळे यांनी तसं करू नये अशी लेखी सूचना दिली होती. त्या वेळी त्यांना दुकानाच्या कामासाठी बाहेर पाठवलं होतं."
खाली सहीला जागा. मोहनरावांनी सही करायची आणि कागद स्टाफच्या खोलीत लावायचा. सही झाली की ती जोडणी करणार. नाही झाली तर खोकी बंद, पडदा कोरा. प्रकाशरावांना कालच नकार कळवला आहे.
मी म्हटलं, "दुकानाच्या कामासाठी" कशाला लिहितेस? सोवळं लिही. तो स्वतः म्हणाला ना.
म्हणाली, "ते लिहिलं तर सही होणार नाही. मला सही हवी आहे."
रात्रभर मला ते पटणार नाही. पण वाक्यं नेमकी आहेत. एकही शब्द जास्त नाही. तसं तिला सांगितलं. आणि पुढे म्हटलं की काम तुला येतं हे मला माहीत होतं, म्हणायला उशीर केला. मान हलवली फक्त. मग टीव्हीच्या मागे बसून दहा मिनिटं मला वायरींची नावं सांगितली. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. मी ऐकलं.

१९ ऑक्टो., गुरु. धनत्रयोदशी.
सु. नऊला गेली. मोतिया साडी, वही, कागद. मी निघते म्हटलं तर म्हणाली, "तू येऊ नकोस. आलीस तर तू बोलशील." खरं आहे.
तिला बोलायचं आहे मोहनरावांशी, मुहूर्ताच्या आधी, एकटीने.

पावणेदहा. हे चप्पल घालून दारात. मी म्हटलं बसा. बसले. पेपर उलटा धरला आहे.

दहा. फोन वाजला. यांच्या पेन्शनच्या मित्राचा. ठेवायला लावला.

दहा दहा. हलगी सुरू झाली, म्हणजे प्रकाशरावांकडे. दुकानं इथून दोन चौक लांब, वारा असेल तसा आवाज येतो. मुहूर्त दहा वीसचा. सही करायला एक मिनिटही लागत नाही. साक्षर माणूस आहे, बी. कॉम. झालेला.
नाही केली तर ती काय करेल? खोक्याजवळ हात बांधून उभी राहील, पन्नास माणसांसमोर. राहील ती. त्याबद्दल मला शंका नाही. शंका दुसऱ्याच

दहा पंचवीस. फटाक्यांची माळ लागली, मोठी. सही होऊन मोहनरावांच्या दारात, की समोर प्रकाशरावांच्या, ते इथून कळत नाही.